आयात होणाऱ्या चादरी, टॉवेल व पडद्यांच्या सीमाशुल्क वर्गीकरणाबाबत निवेदन

प्रति,
मा. केंद्रीय वित्तमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, जालना

विषय : घरगुती कापडी वस्तूंचे सीमाशुल्क वर्गीकरण धाग्याच्या प्रत्यक्ष तपासणीवरून करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये आम्ही खाली सह्या करणारे जालना जिल्ह्यातील कापड व्यापारी, शिवणकाम करणाऱ्या बचत गटांतील महिला व कापूस उत्पादक शेतकरी आपणांस निवेदन सादर करतो की,

आयातीला आमचा विरोध नाही. आमच्यापैकी अनेकांच्या दुकानांत परदेशी माल विकला जातो. परंतु तो योग्य शीर्षकाखाली, योग्य शुल्क भरूनच यावा, एवढे आमचे म्हणणे आहे.

सीमाशुल्क दर कायदा, 1975 च्या पहिल्या अनुसूचीतील 63व्या प्रकरणात ब्लँकेट 6301, चादरी, अभ्रे व टॉवेल 6302, पडदे 6303, तर पलंगपोस 6304 या शीर्षकाखाली येतात. भरीव रजई मात्र 9404 मध्ये जाते. नुसता चौकोनी कापलेला तुकडा कापडच राहतो; त्याच्या कडा दुमडून शिवल्या की ती तयार वस्तू ठरते आणि प्रकरणच बदलते. मिश्र धाग्याच्या मालात वजनाने जो धागा जास्त, त्यावरून वर्गीकरण होते. म्हणजे 60 टक्के पॉलिएस्टर व 40 टक्के कापूस असलेली चादर कायद्याने पॉलिएस्टरचीच.

बाजारात मात्र वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘कॉटन’ असते. कडेचा धागा काढून पेटवला की फरक कळतो : सुती धागा कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ बनते. दुकानात होणारी ही साधी पारख शुल्क आकारण्यासाठी पुरेशी नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच हवा. 2011 पासून आयातदार स्वतःच शुल्कनिर्धारण करतो. त्यामुळे बिल ऑफ एन्ट्रीवरील वर्णन खरे आहे की नाही, हे नमुना तपासल्याशिवाय समजत नाही. वर्णन चुकीचे असेल तर सरकारचा महसूल बुडू शकतो, प्रामाणिक व्यापारी स्पर्धेत मागे पडतो आणि सुती चादर शिवणाऱ्या महिलेच्या मालाला भाव मिळत नाही.

शेतकऱ्याची स्थितीही ध्यानात घ्यावी. कापसावरील 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर 2025 या काळात माफ होते. आमचा कापूस वेचणीला आला तो याच काळात. कच्च्या कापसाला परदेशी मालाशी टक्कर द्यावी लागत असताना कापसाच्या नावावर पॉलिएस्टर तरी विकले जाऊ नये.

आमच्या मागण्या :

1. शीर्षक 6301 ते 6304 खालील मालाचे नमुने सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 144 नुसार नियमित घ्यावेत व धाग्याचे प्रमाण प्रयोगशाळेत तपासावे. गरजेनुसार वस्त्र समितीच्या प्रयोगशाळांची मदत घ्यावी.

2. एकाच वस्तूला सर्व बंदरांत एकच शीर्षक लागावे, यासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने नमुन्यांच्या छायाचित्रांसह मार्गदर्शिका काढावी व ती मराठीतही द्यावी. कापडी वस्तूंवरील आगाऊ निर्णयांचा सारांश त्यात असावा.

3. 2025-26 च्या अर्थसंकल्पात विणीच्या कापडाच्या नऊ टॅरिफ ओळींवर 20 टक्के किंवा किलोमागे 115 रुपये, यांपैकी जे जास्त ते शुल्क ठरवले गेले. कमी किंमत दाखवून शुल्क चुकवण्याला त्याने आळा बसतो. ज्या तयार वस्तूंना असे किमान शुल्क नाही, त्यांनाही ते लावावे.

4. वेष्टनावर धाग्यांचे टक्केवार प्रमाण छापणे बंधनकारक करावे व ते बिल ऑफ एन्ट्रीशी जुळल्यावरच माल सोडावा.

5. डिसेंबर 2015 मध्ये पायाभरणी झालेल्या जालना ड्राय पोर्टवर कापडी मालाचे नमुने घेण्याची सोय व लहान व्यापाऱ्यांसाठी मराठीतून मार्गदर्शन करणारा कक्ष द्यावा.

मा. जिल्हाधिकारी साहेबांनी हे निवेदन आपल्या अभिप्रायासह केंद्र शासनाकडे पाठवावे आणि सीमाशुल्क विभागाच्या अधिकाऱ्यांसोबत आमची बैठक घडवून आणावी. मालाचे नमुने व खरेदीची बिले घेऊन आम्ही बैठकीस हजर राहू. प्रत्येक मागणीवर झालेल्या कार्यवाहीची माहिती आम्हांस लेखी मिळावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
(स्वाक्षऱ्या सोबत जोडल्या आहेत)
स्थळ : जालना

प्रत माहितीस्तव : मा. खासदार, जालना लोकसभा मतदारसंघ