बॉर्डरवरची साखर आणि रमजानचा महिना

‘शुगर बॉर्डरवर आहे’ हे वाक्य हल्ली घरोघरी ऐकू येते आणि बहुधा सुटकेच्या सुरात सांगितले जाते. मधुमेह नाही ना, मग झाले! रिपोर्ट कपाटात जातो, चहातली साखर तशीच राहते. प्रत्यक्षात सावरण्याची खरी संधी याच टप्प्यावर असते.

उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर तिला मधुमेहपूर्व अवस्था समजतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत असे सुमारे १३ कोटी ६० लाख भारतीय असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे सहा-सात प्रौढांमागे एक. यात काही दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे मोजल्याशिवाय ती कळत नाही.

कळल्यावर उपयोग होतो का? चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकाने २००६ मध्ये याचे उत्तर दिले. नुसत्या नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्या गटात तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालणे यांबाबत सतत मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. पुढे २०१३ मध्ये याच पथकाने दाखवले की, पुरुषांना मोबाइलवर नियमित संदेश पाठवूनही धोका ३६ टक्क्यांनी घटला. थोडक्यात, समजावून सांगणे हाही उपचारच आहे.

रमजानचा महिना या शिक्षणाला फार सोयीचा आहे. एरवी खाण्याच्या वेळा पाळल्या जात नाहीत. या महिन्यात सहरी आणि इफ्तार मिनिटावर ठरलेले असतात. त्यामुळे घरच्या ग्लुकोमीटरवर कोणत्या ताटाने काय केले, हे स्पष्ट दिसते. एका दिवशी खजूर, सरबत, भजी आणि समोसे. दुसऱ्या दिवशी एक-दोन खजूर, पाणी, उकडलेले चणे, मग भाकरी, डाळ, भाजी किंवा रस्सा. दोन्ही दिवशी इफ्तारच्या आधी आणि दोन तासांनी साखर मोजावी. नंतरचा आकडा साधारण १४० च्या आत हवा. या दोन दिवसांतला फरक घरच्यांना जे शिकवतो, ते दहा व्याख्याने शिकवत नाहीत. बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. मात्र मधुमेह आहे की नाही, हा निर्णय प्रयोगशाळेच्या तपासणीवरच करावा, घरच्या मीटरवर नव्हे.

ही गोष्ट फक्त रोजेदारांची नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसानेच केली. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि वर गोड दही, असा उपवास साखरेला विश्रांती देत नाही. उपवास कोणाचाही असो, तो सोडताना ताटात काय येते यावर बरेच काही ठरते.

एक इशारा आवश्यक आहे. ज्यांना मधुमेह झालेला आहे, जे इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजे धरू नयेत. सूरह बकरामध्येच आजारी माणसाला रोजे इतर दिवशी पूर्ण करण्याची सवलत आहे. ती नाकारण्यात अधिक पुण्य नाही.

मीटर आणि स्ट्रिप्सचा खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही, हेही खरे. पण मोहल्ल्यातील मंडळे, मशिदींच्या कमिट्या आणि गावातील डॉक्टर एकत्र आले, तर एका सामुदायिक इफ्तारच्या खर्चात तपासणीचे शिबिर होऊ शकते. ते सर्वधर्मीयांसाठी खुले असावे. आकडा हाती देऊन माणसाला घरी पाठवू नये. दहा मिनिटे बसवून त्याचा अर्थ सांगावा. त्यात स्वयंपाक करणाऱ्या बायकांना आधी बोलवावे, कारण घराचे ताट त्यांच्या हातात असते. आणि पुरुषांनी तरावीहनंतर चहाच्या टपरीवर बसण्याऐवजी अर्धा तास चालावे. ईदनंतर तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा तपासली, तर ही मेहनत कितपत फळली, ते कागदावरच दिसेल.