जुनं पॅकेज: ठेवायचं की काढायचं?



इथे रुसैलच्या कारखान्यांत यंत्र चालतंय तोवर त्याला कुणी हात लावत नाही. सॉफ्टवेअरलाही हाच न्याय लावावा का? पायथन २ चंच घ्या. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. तरी डेबियन ११ (२०२१) मध्ये ते राहिलं, कारण काही पॅकेजेस तयार करायला ते लागत होतं. डेबियन १२ (२०२३) मधून मात्र ते गेलं.

मला तरी हे पटतं. यंत्र झिजलं की आवाज करतं. बेवारस पॅकेजमधलं सुरक्षेचं भोक गुपचूप राहतं. "चालतंय ना?" यापेक्षा "बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?" हा प्रश्न मोठा. शिवाय काढणं म्हणजे नष्ट करणं नव्हे; डेबियनच्या स्नॅपशॉट संग्रहात जुन्या आवृत्त्या मिळतात.

फक्त एक सांभाळा. युटीएफ-८ मधल्या साध्या 'मराठी' या शब्दाची लांबी पायथन २ मध्ये १५ भरते, पायथन ३ मध्ये ५. नावं ठराविक लांबीवर कापणारी जुनी स्क्रिप्ट असेल, तर बदलल्यावर मराठी नावं घालून तपासा. नुसती चालली म्हणून भागत नाही.

तुमच्याकडे अजून काय जुनं चालू आहे? कळवा.