आजीच्या हातची नानकटाई बंद करू नका

कोजागिरीचे दूध आटवून झाले की दवाखान्यात येणाऱ्या मधुमेही मंडळींचा एक ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, यंदा फराळ करू की नको?" प्रश्न विचारणारी बहुधा साठी-सत्तरीची आजी असते आणि उत्तर देणारा बहुधा तिच्यासोबत आलेला मुलगा. मी तोंड उघडण्याआधीच तो सांगून टाकतो, "तुम्हीच समजवा हिला. यंदा घरात काही करायचे नाही. लागेल तेवढे विकत आणू." आजी गप्प बसतात. मुलाचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण या सल्ल्याशी मी सहमत नाही. तो का पटत नाही, हे आज सविस्तर सांगावे म्हणतो.

मुलाची काळजी खोटी नाही, हे आधी मान्य करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. नातवंडांचीही स्थिती फार वेगळी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये शेकडा 2.1 होते, ते 2019-21 मध्ये शेकडा 3.4 झाले. तेव्हा "सण आहे, खाऊ द्या" असे म्हणून हात झटकणाऱ्यांपैकी मी नाही.

परंतु घरचा फराळ बंद केल्याने खाणे बंद होते का? माझा अनुभव उलटा आहे. घरी केले की दोन डबे भरतात, ते पुरवून खाल्ले जातात आणि संपले की संपतात. विकतचे आणले की पुडी फुटते, संपते, दुसरी येते. तूप कोणते, तेल कितव्यांदा तापवलेले, साखर किती, याचा कोणालाच पत्ता नसतो. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक द्रव्ये साठतात. म्हणूनच अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 1 जुलै 2018 पासून अशा द्रव्यांचे प्रमाण शेकडा 25 च्या वर गेलेले तेल वापरण्यास मनाई केली. नियम चांगला आहे. पण प्रत्येक कढईपाशी निरीक्षक उभा राहू शकत नाही. घरच्या कढईपाशी मात्र आजी उभी असते.

फराळातील सगळ्याच जिनसांविषयी लिहायला जागा पुरणार नाही, म्हणून आज नानकटाईपुरते बोलू. ही तळायची नसून भाजायची, आणि लहान मुलांना हाताशी घेऊन करण्यासारखी. 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी. सुरतेच्या जुन्या डच वखारीतील भटारखान्याशी तिचे नाते सांगतात. आपल्या गावांत ती इतकी रुळली की दिवाळीच्या आधी पत्र्याच्या ताटांत कच्च्या नानकटाया मांडून त्या बेकरीच्या भट्टीवर भाजून आणण्याची पद्धतच पडली. ताट ओळखू यावे म्हणून खूण करायची, नंबर लावायचा आणि गरम ताट जपून घरी आणायचे, हे काम पोरांचे. ज्यांनी ते केले आहे त्यांना आजही भट्टीचा वास आठवेल.

आता हिशेब पाहू. मैदा 200 ग्रॅम, बेसन 50 ग्रॅम, तूप 150 ग्रॅम आणि पिठीसाखर 125 ग्रॅम, एवढ्यात लहान आकाराच्या 30 नानकटाया होतात. म्हणजे एका नानकटाईत 5 ग्रॅम तूप आणि चार ग्रॅमहून थोडी अधिक साखर. उष्मांक सुमारे 90. दोन खाल्ल्या तर मध्यम आकाराच्या एका ज्वारीच्या भाकरीइतके उष्मांक पोटात गेले. फरक एवढाच की भाकरीने पोट भरते आणि नानकटाईने हात पुन्हा डब्याकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे 2015 साली सुचवले. त्या मापाने एक नानकटाई हा गुन्हा नाही. सहा नानकटाया, दोन लाडू आणि वर साखरेचा चहा हा मात्र गुन्हा आहे.

तुपाविषयी दोन शब्द. वनस्पती तूप स्वस्त पडते व नानकटाई खुसखुशीत होते, म्हणून अनेक घरांत तेच वापरले जाई. तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करताना त्यात ट्रान्स प्रकारची मेदाम्ले तयार होतात. ही मेदाम्ले रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात, म्हणजे हृदयाला दोन्ही बाजूंनी मार. आपल्या देशात त्यांची मर्यादा जानेवारी 2021 पासून शेकडा 3 आणि जानेवारी 2022 पासून शेकडा 2 अशी खाली आणण्यात आली. तरीही सुटे, बिनलेबलाचे तूप घेऊ नये. साजूक तूप त्यापेक्षा बरे, पण तेही औषध नव्हे, मोजूनच घालावे. तसेच साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे मधुमेहींना मोकळीक मिळाली, असा समज काढून टाकावा. गुळानेही रक्तातील साखर वाढतेच. 'शुगर फ्री' मिठाईतील तूप-मैदा कुठे जात नाही. आणि ॲस्पार्टेम या गोड द्रव्याच्या गोळ्या भट्टीच्या उष्णतेत आपली गोडी गमावून बसतात, तेव्हा त्या पिठात मळून उपयोग नाही.

मुख्य मुद्दा मात्र नातवंडांचा आहे. आजची मुले खाऊ पाहतात तो चकचकीत पुडीतला. त्यात काय आहे हे त्यांना कळत नाही आणि कळावे अशी पुडीवाल्याचीही इच्छा नसते. उलट ज्या मुलाने स्वतःच्या हाताने परातीत तूप-साखर फेसली आहे, त्याला "एवढी साखर?" हा प्रश्न आपोआप पडतो. असा प्रश्न पडणे हाच आहाराचा पहिला धडा. तो शाळेतील तक्त्यावरून शिकता येत नाही. शिवाय वाटीने मापणे, पीठ चाळणे, सारख्या आकाराचे गोळे करणे, भाजून होईपर्यंत थांबणे, गरम असताना मऊ लागलेली नानकटाई निवल्यावर कडक होते हे पाहणे, यात गणित आहे, विज्ञान आहे आणि आजच्या मुलांत दुर्मीळ होत चाललेला धीरही आहे.

ही रीत केवळ दिवाळीची किंवा केवळ आपल्याच घरची आहे असे नाही. गोव्यात आणि वसईकडे नाताळच्या आधी कुलकुले करायला घरातील पोरेटोरे बसतात. पिठाची छोटी गोळी काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या दातांवर दाबून गुंडाळायची, की अंगावर रेघा उमटलेली शिंपल्यासारखी वळी तयार. शेकडो वळ्या करायच्या, म्हणून शेकडो गोष्टी सांगितल्या जातात. सण कोणताही असो, हात कामात गुंतले की म्हाताऱ्यांच्या तोंडून घराचा इतिहास बाहेर पडतो.

आणि आजीचे काय? रक्तातील साखर मोजता येते, तशी मनाची उदासी मोजायची पट्टी आपल्या घरांत नसते. ज्या बाईने चाळीस-पन्नास दिवाळ्या पेलल्या, तिला एके दिवशी "तू नुसती बस" असे सांगणे म्हणजे तिला निवृत्त करणे नव्हे, बाजूला सारणे आहे. अशा आजी पुढे भूक लागत नाही, झोप येत नाही, गुडघे जास्त दुखतात म्हणून दवाखान्यात येतात. एकटेपणा हा आरोग्याचा प्रश्न आहे हे ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली त्यासाठी खास आयोग नेमला. आपल्याला त्यासाठी आयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. परात पुढे ठेवली आणि दोन नातवंडे शेजारी बसवली तरी बरेच काम होते.

अर्थात, काही पथ्ये सांभाळलीच पाहिजेत. ती अशी:

मुलांना हात स्वच्छ धुवायला लावावेत. कच्चे पीठ चाटू देऊ नये. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, भाजल्यावर ते मरतात.

पीठ मळणे, गोळे करणे, वर वेलदोड्याची पूड लावणे ही कामे मुलांची. भट्टी, ओव्हन, तापलेली कढई ही मोठ्यांची. चकली तळताना मुलांना स्वयंपाकघराबाहेरच ठेवावे. कोणी भाजलेच तर त्या जागेवर ताबडतोब नळाचे वाहते साधे पाणी वीस मिनिटे सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. फोड मोठे असतील किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर लगेच दवाखाना गाठावा.

चार-पाच वर्षांखालील मुलांना चिवड्यातील अख्खे शेंगदाणे, डाळे, काजू देऊ नयेत. हसता-खेळता दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. नानकटाईवर बदाम-पिस्ते लावायचेच तर बारीक पूड करून लावावेत.

मधुमेहींनी फराळ हा नाश्त्याच्या जागी घ्यावा, नाश्त्यानंतर नव्हे. एक नानकटाई, थोडा चिवडा, बिनसाखरेचा चहा एवढे पुरे. "आज जास्त खाणार आहे" म्हणून गोळी किंवा इन्शुलिन आपल्या मनाने वाढवू नये, आणि गडबडीत ते चुकवूही नये. अभ्यंगस्नान, पूजा, देवदर्शन यांत खाणे लांबून हातपाय कापू लागले, दरदरून घाम फुटला, तर ती साखर उतरल्याची खूण समजावी. अशा वेळी नानकटाई किंवा लाडू कामाचा नाही. त्यातील तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. रोगी शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखान्यात न्यावे.

रक्तदाब असणाऱ्यांनी गोडापेक्षा खाऱ्याची चिंता अधिक करावी. दिवसाचे मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा. चकली, शेव, चिवडा यांतच ते संपून जाते.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. "आजीला सांगणे सोपे आहे, पण निस्तरावे लागते ते सुनेला. तीही नोकरीवरून दमून येते." अगदी खरे. म्हणूनच मी नऊ पदार्थ करा असे म्हणत नाही. दोन करा. बाकीचे शेजारणीशी वाटून घ्या, नाहीतर यंदा सोडून द्या. आणि हे काम बायकांचेच आहे असे कोणत्या वैद्यकशास्त्रात लिहिले आहे? तूप फेसायला दंडात जोर लागतो. तो मुलाच्या दंडात आहे. पीठ आजोबांनी चाळावे. भांडी नातवाने घासावीत, नातीनेच का? आजीने खाली न बसता खुर्चीवर बसून सूचना द्याव्यात. गुडघ्यांनाही विश्रांती आणि तिच्या शब्दालाही मान.

ओव्हन नाही, जवळची भट्टी बंद पडली, अशी सबब सांगणाऱ्यांसाठी एक सोपा उपाय. जाड बुडाच्या पातेल्यात दोन बोटे मीठ किंवा वाळू पसरून त्यावर छोटी तिवई ठेवावी आणि घट्ट झाकण ठेवून दहा मिनिटे तापवावे. मग तिवईवर नानकटायांची ताटली ठेवून, झाकण लावून, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजाव्यात. कुकर वापरायचा असेल तर त्यात पाणी नसताना शिट्टी व रबर काढूनच वापरावा.

मुंबई-पुण्याची, क्वचित परदेशातलीही नातवंडे चार दिवसांसाठी गावी येतात. त्यांतला एक दिवस दूरदर्शन संचापुढे, दुसरा मोबाइलवर, तिसरा पाहुण्यांकडे जातो. राहिलेल्यातील दोन तास परातीभोवती घालवा. एका वहीत आजीचे माप नातवाच्या अक्षरात लिहून ठेवा. आजीची वाटी किती ग्रॅमची, चिमूट केवढी, हे आजीला विचारूनच कळेल आणि ते विचारण्यासाठी आजी आहे तोवरच वेळ आहे.

तेव्हा माझ्या मधुमेही भगिनींच्या मुलांना माझे सांगणे एवढेच. आईच्या हातचा फराळ बंद करू नका. तिच्या ताटातला तेवढा मोजून वाढा. डबा कोणी भरायचा हे तिला ठरवू द्या, तो किती दिवस पुरवायचा हे सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी रक्ताची तपासणी करायला मात्र विसरू नका.