हप्ता आमचा, गाडी कोणाची?

छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद) मोटारींचे वेड नवे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये या शहरातील धनिकांनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या होत्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये! सरकारी बँकेने त्यासाठी सात टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज दिले. त्याच काळात मराठवाड्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी बारा टक्के मोजावे लागत होते. ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी हा विरोधाभास देशापुढे मांडला, पण इथल्या प्रस्थापितांना त्याची लाज वाटली नाही. पुढे २०२२ च्या सुमारास उद्योजकांनी विजेच्या मोटारी सामुदायिकरीत्या घेण्याची मोहीम काढली. धूर कमी झाला तर त्याचे स्वागतच आहे. परंतु आमचा प्रश्न वेगळा आहे. ही विजेची गाडी आता आमच्या तरुणालाही दाखवली जात आहे. 'नोकरी सांभाळा, फावल्या वेळात अ‍ॅपवर गाडी चालवा, हप्ता आपोआप फिटेल,' असे त्याला सांगितले जाते. हे खरे आहे काय?

भावनेत न जाता आपण हिशेब मांडू. समजा, वाळूजच्या कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्या तरुणाने आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १७ हजार रुपये. पाळी सुटल्यावर तो रोज ६० किलोमीटर, महिन्यातून २५ दिवस गाडी चालवतो. झाले १५०० किलोमीटर. त्यातील एक तृतीयांश धाव रिकामीच जाते. उरलेल्या हजार किलोमीटरला प्रवाशाकडून १५ रुपये दराने १५ हजार मिळाले आणि अ‍ॅप कंपनीने वीस टक्के कापले, तर हातात १२ हजार. विजेचा खर्च युनिटला १२ रुपये आणि एका युनिटला साडेसहा किलोमीटर असा धरला, तर किलोमीटरला दोन रुपयांच्या आतच येतो. सोयीसाठी दोन रुपये धरू, म्हणजे तीन हजार. राहिले नऊ हजार. हप्ता १७ हजार! म्हणजे दर महिन्याला आठ हजार रुपये त्याने आपल्या पगारातून घालायचे. विमा आणि टायर यांचा खर्च आम्ही अजून धरलेलाच नाही.

पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरला सहा रुपयांच्या आसपास लागतात, म्हणून वीज स्वस्त पडते, हे आम्ही नाकारत नाही. पण बचत होते ती गाडी धावल्यावर आणि हप्ता जातो तो गाडी उभी असतानाही. जो जास्त धावेल त्याचाच फायदा, असा या गाडीचा स्वभाव आहे. मग नोकरी सोडून दिवसभर चालवली तर? रोज १६० किलोमीटर, महिन्याला चार हजार किलोमीटर धावली, तरी वरच्याच दराने हप्ता आणि वीज भागवून हाती सात हजार उरतात. तेवढ्यात घर चालते काय?

वीज भरायची कुठे, हा दुसरा प्रश्न. बंगल्याच्या आवारात गाडी लावणाऱ्याला ही अडचण नाही. भीमनगर-भावसिंगपुरा, मुकुंदवाडी, उस्मानपुरा येथील गल्ल्यांत गाडी उभी करायलाच जागा नसते. मीटर अनेकदा घरमालकाच्या नावावर. महिन्याला शंभर युनिट वापरणारे घर गाडीमुळे सव्वातीनशेच्या पुढे जाते आणि तीनशेच्या पुढच्या महाग दराच्या टप्प्यात अडकते. गाडीसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्क केंद्राच्या २०२४ च्या नियमांनी ग्राहकाला दिला आहे. पण तो हक्क आमच्या वस्तीत कितीजणांना माहीत आहे? बाहेरच्या चार्जिंग स्टेशनवर जावे, तर युनिटचा दर जवळपास दीडपट-दुप्पट आणि कमाईच्या वेळेत ताटकळणे वेगळेच.

कायद्याची बाजूही आमच्या तरुणांनी नीट समजून घेतली पाहिजे. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. भाड्याने चालवायची तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे हवीत. २०१८ पासून विजेच्या प्रवासी गाडीला परवान्याची अट नाही, परंतु टॅक्सी पासिंग, फिटनेस आणि व्यावसायिक विमा चुकत नाही. खासगी गाडीवर भाडे मारताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करील आणि घरदार विकूनही भरपाई फिटणार नाही. 'कोण बघतो' असे सांगणारा त्या दिवशी तुमच्याजवळ नसेल.

सरकारची सवलत कोणाकडे जाते तेही पाहा. केंद्राच्या 'फेम-२' योजनेत व्यावसायिक विजेच्या मोटारींना अनुदान होते. ती योजना मार्च २०२४ मध्ये संपली. त्यानंतर आलेल्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेत मोटारींना, म्हणजे टॅक्सीलाही, स्थान नाही. राज्याच्या २०२५ च्या धोरणात इतर सवलतींबरोबर समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारीला टोलमाफी आहे. सिडकोतून रेल्वे स्टेशनला प्रवासी नेणाऱ्याला टोल लागतो कुठे? त्याच वर्षी ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर सुचवला गेला आणि महिन्याभरातच मागे घेतला गेला. श्रीमंताचा शब्द विधिमंडळात किती लवकर पोहोचतो!

आता कर्जाचा न्याय बघा. 'ब्लूस्मार्ट' ही विजेच्या टॅक्सींची कंपनी एप्रिल २०२५ मध्ये बंद पडली आणि हजारो चालक एका रात्रीत बेकार झाले. तिला गाड्या पुरवणाऱ्या 'जेनसोल' कंपनीने सरकारी वित्तसंस्थांकडून ६४०० गाड्यांसाठी कर्ज घेतले आणि ४७०४ गाड्याच खरेदी केल्या, असे सेबीच्या अंतरिम आदेशात नोंदले आहे. त्यांना शेकडो कोटी मिळाले. आमच्या तरुणाला मात्र आठ लाखांसाठी जामीनदार शोधावा लागतो. आठ लाखांवर सात टक्के आणि चौदा टक्के व्याज यांत पाच वर्षांत एक लाख ६६ हजारांचा फरक पडतो. गरिबीचा हा दंड आहे.

वाहनाचा आणि आमच्या मुक्तीचा संबंध जुना आहे. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांचा टांगा हाकण्यास नकार दिला. तेव्हा ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा समाजबांधवाने लगाम हाती घेतला आणि अपघात होऊन बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आज स्टिअरिंग आमच्या हाती आले आहे. मात्र भाडे ठरवणारा, गिऱ्हाईक देणारा आणि एका बटणावर खाते बंद करणारा दुसराच आहे. तो आम्हाला 'भागीदार' म्हणतो, पण भागीदारी फक्त तोट्यात आहे.

म्हणून एकेकट्याने हप्त्याच्या फासात मान घालू नये. पाच-दहा जणांनी सहकारी संस्था करावी. एक गाडी दोन पाळ्यांत चालली तर हप्ता विभागला जाईल आणि गाडी उभी राहणार नाही. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने अशा संस्थांना कमी व्याजाचे कर्ज द्यावे. महापालिकेने चार्जिंग केंद्रे आमच्या वस्त्यांत उभारावीत. केंद्राच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळायला हवा, त्याचा हिशेब प्रत्येक कंपनीने उघड करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगार कल्याणासाठी देण्याची तरतूद आहे, ती कागदावर राहू नये.

बिडकीनला विजेच्या गाड्यांचे मोठमोठे कारखाने येणार असल्याच्या घोषणा झाल्या आहेत. तिथे आमची मुले कंत्राटी हेल्पर आणि रस्त्यावर कर्जबाजारी चालक एवढीच राहणार असतील, तर तो विकास त्यांचा आहे, आमचा नाही. शोरूममध्ये सही करण्याआधी आमच्या तरुणांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा. हिशेब जमत नसेल तर सही करू नये आणि जमवून घ्यायचा असेल तर संघटित व्हावे.