विद्यापीठानं कमवायचं, पण कुणाच्या खिशातून?

कृषी विद्यापीठांनी आपला खर्च आपण भागवावा, सरकारी अनुदानावर किती दिवस जगणार, असं हल्ली बरेच जण बोलतात. आपल्यातलेही. मला ते पटत नाही.

सोयाबीनचा एमएयूएस 612 घ्या. परभणी विद्यापीठाचा वाण. सरळ वाण, स्वपरागसिंचित. मी बी एकदाच विकत आणलं, पुढं तीन वर्षं उगवण तपासून घरचंच पेरलं. मेव्हण्याला दिलं, त्यानं त्याच्या शेजाऱ्याला दिलं. 2001 च्या कायद्यानं शेतकऱ्याला तो हक्कच आहे. विद्यापीठाच्या गल्ल्यात मात्र एकदाचेच पैसे पडले. तोटा झाला म्हणायचं का? अहो, न पडलेला पैसा आपल्या घरात राहिला, त्यासाठीच तर विद्यापीठ काढलंय.

कपाशीचं उलट. संकरित बी, दरवर्षी नवी पाकिटं. कंपनीचं संशोधन त्यावर चालतं, त्यात काही गैर नाही. पण विद्यापीठालाही कमाईचं टार्गेट दिलं तर तेही जे विकतं त्याच्याच मागं लागणार. मग कोरडवाहू ज्वारी, करडई, मूग कोण बघणार? परभणी मोतीसारखी ज्वारी विकून कुणाचा पगार निघत नसतो.

आता अनुदान येतं त्यातलं बरंचसं पगार-पेन्शनमध्ये जातं, तरी चारही विद्यापीठांत जागा रिकाम्या. एक वाण निघायला आठ-दहा वर्षं लागतात. मधेच पैदासकार रिटायर झाला आणि जागा भरलीच नाही, तर पुढचं कोण बघणार?

शिक्षणाचंही तेच. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच. पण पुतणीच्या खाजगी कॉलेजनं सांगितलं, सरकारकडून रक्कम आली की परत देऊ, तोवर तुम्ही भरा. होस्टेल-मेस वेगळंच. भावानं दिवाळीच्या आधी, भाव पडलेला असताना, ओलसर सोयाबीन अडतीवर घातलं. सरकारनं वेळेवर दिलं नाही की कॉलेज आपल्याकडं बोट दाखवतं, आणि आपल्याकडं विकायला मालच असतो. ‘स्वतः कमवा’ म्हणजे शेवटी हेच.

एक मात्र मान्य. विद्यापीठांची पडीक रानं बघवत नाहीत. तिथं बीजोत्पादन वाढवा, पैसा येईल तो येऊ द्या, आणि तो त्याच केंद्राच्या मजुरी-अवजारांवर खर्चा.

18 मे ला परभणीत खरीप मेळावा असतो. बियाण्याच्या रांगेत आपण सगळे असतोच. यंदा स्टेजवर मंत्री आले तर बियाण्याच्या भावाबरोबर एवढंही विचारा: सोयाबीन, तूर, ज्वारीच्या पैदासकारांच्या किती जागा मंजूर आहेत आणि आज भरलेल्या किती?