पाटीच्या दगडाचा डोंगर

वाचकहो, अक्षरओळख होताना आपल्यापैकी पुष्कळांच्या हाती प्रथम आली ती दगडी पाटी. हा काळसर, गुळगुळीत दगड मूळचा समुद्रतळाचा चिखल. कोट्यवधी वर्षांच्या दाबाने त्याचा असा खडक बनला की, छिन्नीच्या बेताच्या घावाने त्याचे पातळ, सपाट पत्रे निघावेत. युरोपात याच पत्र्यांनी घरांची छपरे शाकारीत. अशा दगडाच्या एका बंद पडलेल्या खाणीची आज ओळख करून घेऊ.

वेल्सच्या उत्तर भागात, लानबेरिस गावासमोर, एलिडिर डोंगराच्या कुशीत डिनोरविकची खाण आहे. तेथे व्यापारी खोदकामास १७८७ साली आरंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ३,००० हून अधिक माणसे तेथे राबत आणि वर्षाकाठी सुमारे १,००,००० टन माल निघे. डोंगर पायऱ्यांसारखा कापीत नेला होता. टप्प्याटप्प्यांवरून माल उतरत्या रुळांनी खाली येई व आगगाडीने बंदरावर जाई. छपराच्या दगडांस आकारानुसार ‘डचेस’, ‘काउंटेस’, ‘लेडी’ अशी सरदारस्त्रियांची बिरुदे दिलेली असत. ते घडविणाऱ्यांचे जिणे मात्र निराळे होते. अँगलसी बेटावरून आलेले कामगार आठवडाभर खाणीतल्याच बराकींत राहत. या बराकी राहण्यास अयोग्य ठरून १९४८ साली बंद झाल्या.

तरीही ही माणसे मनाने दरिद्री नव्हती. ‘काबान’ नावाच्या दगडी खोपटात ती भाकरतुकडा खावयास जमत आणि तेथेच आपल्या वेल्श भाषेत धर्म व राजकारण यांवर वाद घालीत, गाणी म्हणत, काव्यस्पर्धा भरवीत.

खाणीसाठी १८६० साली रुग्णालय बांधले गेले. मोडलेल्या हाडांवर तेथे इलाज होई. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होत, त्यावर इलाज नव्हता. त्या भागातील खाणींचे काही डॉक्टर तर धुळीला सोडून कामगारांच्या फार उकळलेल्या चहालाच बोल लावीत! पुढे छपरांसाठी स्वस्त साहित्य आले, मागणी ओसरली आणि १९६९ साली डिनोरविकची खाण बंद झाली. ज्यांचे मालकच उरले नव्हते, अशा धूळग्रस्त कामगारांना भरपाई देणारा कायदा ब्रिटनमध्ये झाला तो १९७९ साली. तोवर कित्येकजण काळाआड गेले होते.

खाणीच्या १८७० सालच्या कर्मशाळेचे १९७२ साली संग्रहालय झाले. तिच्यातील पाणचक्कीचा व्यास ५० फुटांहून अधिक आहे. एलिडिरच्या पोटात १९८४ पासून एक मोठे जलविद्युत् केंद्र चालते. मागणी कमी असताना पाणी वरच्या तलावात चढवावयाचे आणि मागणी वाढताच खाली सोडावयाचे, अशी त्याची रीत. २०२१ साली युनेस्कोने या परिसराची जागतिक वारसा म्हणून नोंद केली. उतारांवर टाकाऊ दगडांचे प्रचंड ढीग मात्र तसेच पडून आहेत.

वाचकहो, ही केवळ परदेशाची गोष्ट नव्हे. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांनाही हाच रोग जडल्याचे आढळून आले होते. दगड कापणे, घासणे वा फोडणे हा आपल्या कोणा आप्ताचा व्यवसाय असेल, तर दगड ओला ठेवून काम करावयास व वेळोवेळी छातीची तपासणी करून घ्यावयास त्याला अवश्य सांगावे. चहाला दोष देऊन धूळ कमी होत नाही.