मागे राहिलेल्या पालकाचं काय?

वडील गेल्यावर भेटायला आलेली माणसं दहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून सांगतात, ‘आता तूच घरातला कर्ता. आईकडे लक्ष दे.’ सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ते ऐकल्यापासून मूल आईसमोर रडेनासं होतं. आईवडील वेगळे झालेल्या घरी भेटायला फारसं कुणी जात नाही. गेलंच, तर मुलाला बाजूला घेऊन ‘बाबा फोन करतात का रे?’ अशी चौकशी होते. ही दोन दुःखं सारखी नाहीत. एकात माणूस परत येणार नसतो, दुसऱ्यात तो रविवारी भेटतो आणि संध्याकाळी पुन्हा जातो. तरीही गेल्या तीसेक वर्षांच्या संशोधनातून दोन्हींबाबत एक गोष्ट सारखी पुढे आली आहे. मूल कसं सावरतं, हे ज्या पालकाजवळ ते राहतं त्याच्या रोजच्या वागण्यावर फार अवलंबून असतं. आपण मात्र मुलाकडे बघतो, त्याला समुपदेशकाकडे न्यायचा सल्ला देतो आणि त्या पालकाला विसरतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत शार्लीन वोल्चिक, आयर्विन सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घटस्फोटित आयांसाठी ‘न्यू बिगिनिंग्ज’ नावाचा कार्यक्रम तयार केला. नऊ ते बारा वर्षांची मुलं असलेली 240 कुटुंबं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची तीन गटांत विभागणी केली. एका गटात फक्त आयांनी अकरा आठवडे गटबैठकांना यायचं. दुसऱ्या गटात आयांच्या बैठका आणि त्यांच्या जोडीला मुलांचे वेगळे वर्ग. तिसऱ्या गटाला घरी वाचायला पुस्तकं दिली. सहा वर्षांनी, म्हणजे मुलं वयात आल्यावर, त्यांना पुन्हा गाठलं. आई आणि मूल दोघंही आलेल्या गटात मागच्या वर्षभरात मानसिक विकाराचं निदान 11 टक्के मुलांत झालं होतं, तर पुस्तकांच्या गटात 23.5 टक्के मुलांत. हे निष्कर्ष 2002 साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले.

मला त्यातली दुसरी बाब जास्त महत्त्वाची वाटते. मुलांचे वर्ग जोडल्यानं परिणामात फारशी भर पडली नाही. एकट्या आईबरोबर केलेल्या कामाचाच फायदा मुलापर्यंत पोचत होता.

त्या बैठकांत शिकवलेल्या गोष्टी साध्या आहेत. आठवड्यातून एकदा सगळ्यांनी मिळून काहीतरी मजेचं करायचं. प्रत्येक मुलाबरोबर थोडा वेळ एकट्यानं बसायचं. तेव्हा त्याच्या आवडीचा खेळ खेळायचा, उपदेश करायचा नाही आणि फोन बाजूला ठेवायचा. मूल चांगलं वागलं की ते टिपून लगेच सांगायचं. ते बोलत असताना मधे तोडगा न सुचवता पूर्ण ऐकायचं. घराचे नियम मोजके ठेवायचे, पण ते पाळायचे. आणि दुसऱ्या पालकावरचा राग मुलासमोर ओकायचा नाही. वाचायला हे सोपं वाटतं. पण नुकताच संसार मोडलेल्या, नोकरी आणि वकिलांच्या फेऱ्यांत अडकलेल्या बाईला यातली एकेक गोष्ट डोंगराएवढी असते. म्हणून दर आठवड्याला घरी करून बघायचं, पुढच्या बैठकीत काय जमलं आणि काय फसलं ते सांगायचं, अशी रचना होती. पुस्तकांच्या गटाला वाचायला भरपूर मिळालं होतं, पण हा सराव मिळाला नव्हता.

नियमांबद्दल आपल्याकडे मुद्दाम बोलायला हवं. ‘त्याला बाप नाही, त्याला काय रागवायचं’ असं म्हणत आजी-आजोबा, मामा, शिक्षक सगळेच हात सैल सोडतात. जेवणाची वेळ, झोपेची वेळ, अभ्यास, मोबाइल, सगळं त्या मुलासाठी माफ होतं. त्याच्या आयुष्यातली एक मोठी गोष्ट आधीच हातातून गेलेली असते. त्यात घरातला दिवसही विस्कटला, तर आता कशाचाच भरवसा नाही असं त्याला वाटू लागतं. मायेनं पण ठामपणे लावलेली शिस्त त्याला धीर देते.

वोल्चिक, सँडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच पालकाचा मृत्यू झालेल्या कुटुंबांसाठी बारा बैठकांचा कार्यक्रम घेतला. त्याच्या चाचणीत 156 कुटुंबांतली आठ ते सोळा वर्षांची 244 मुलं होती. मागे राहिलेल्या पालकाला स्वतःचं दुःख सांगायला जागा होती, मुलांच्या गटात ‘माझ्यामुळे तर असं झालं नाही ना’ या प्रश्नावर काम होत असे. हा प्रश्न मुलं मोठ्यांना सहसा विचारत नाहीत. त्या दिवशी मी भांडलो, मी औषध आणायला उशीर केला, असं मनात धरून वर्षानुवर्षं बसतात. सहा आणि पंधरा वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हा कार्यक्रमात असलेल्या मुलांमध्ये आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न कमी आढळले. बारा आठवड्यांच्या कामाचा ठसा इतक्या वर्षांनी दिसावा, याचं मला फार मोल वाटतं.

बहुतेक मुलं आजारी पडत नाहीत, हेही सांगायला हवं. बॉस्टन परिसरात फिलिस सिल्व्हरमन आणि विल्यम वर्डन यांनी पालक गमावलेल्या 125 मुलांचा अभ्यास केला. साधारण पाचातल्या एकाला गंभीर अडचणी होत्या. पण दोन्ही पालक हयात असलेल्या मुलांशी तुलना केल्यावर फरक ठळक दिसला तो मृत्यूला दोन वर्षं झाल्यावर. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की माणसं पांगतात आणि ‘आता सावरले’ असं धरून चालतात. खरी सोबत हवी असते ती त्यानंतर. याच अभ्यासातली बरीच मुलं गेलेल्या पालकाशी मनात बोलत होती, त्यांची एखादी वस्तू जवळ ठेवत होती. त्यात काळजीचं काही नाही. बाबांचं घड्याळ मुलाला हवं असेल तर ते कपाटात कुलपात ठेवू नका. आणि बाबा गावाला गेलेत असं तर कधीच सांगू नका, कारण मूल त्यांची वाट पाहत राहतं.

घटस्फोटात आणखी एक अडचण कोर्टाची. व्हर्जिनियात रॉबर्ट एमरी यांनी मुलाच्या ताब्यासाठी कोर्टात आलेल्या जोडप्यांची नाणेफेक करून विभागणी केली, काहींना मध्यस्थी, काहींना नेहमीचा खटला. मध्यस्थीला सरासरी पाचेक तासच लागले. बारा वर्षांनंतर, मुलापासून वेगळं राहणाऱ्या पालकांपैकी मध्यस्थीच्या गटातले 28 टक्के मुलाला दर आठवड्याला भेटत होते, खटल्याच्या गटातले फक्त 9 टक्के.

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत समुपदेशक आहेत. 1984 च्या कायद्यानं ती सोय केली. पण त्यांचा बहुतेक वेळ तडजोड होते का, ताबा कुणाकडे, भेटीचे वार कोणते यात जातो, असं मला दिसतं. निकालानंतर आईनं किंवा वडिलांनी घर कसं चालवायचं, हे शिकवणारं त्याच इमारतीत काही असायला हवं. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारनं पाच लाखांची मुदतठेव ठेवली, तो निर्णय योग्यच होता. पण त्या मुलांना सांभाळणारी मावशी, आजी, काका यांना बारा आठवडे बसवून कुणी काही शिकवलं का?

अमेरिकेतला कार्यक्रम जसाच्या तसा उचलून इथं चालणार नाही. ॲरिझोनातच तो न्यायालयांमार्फत मोठ्या प्रमाणावर राबवला, तेव्हा सगळ्या समाजांत सारखा परिणाम दिसला नाही. एकत्र कुटुंबात शिस्त लावणारे चौघं असतात आणि विधवा सुनेचा शब्द घरात चालत नाही, हे आपलं वास्तव धरूनच रचना करावी लागेल. समाजकार्याची महाविद्यालयं, जिल्हा रुग्णालयांतले मानसोपचार विभाग आणि कौटुंबिक न्यायालयं यांनी एकत्र येऊन एका जिल्ह्यात प्रयोग करावा, त्याची नीट मोजणी करावी आणि मगच तो पसरवावा.

तोवर तुमच्या सोसायटीत, वाडीत, शाळेत असं एखादं घर असेल, तर दुसऱ्या वर्षीही त्या घरी जा. मुलाला उपदेश करू नका. आईची किंवा बाबांची दोन तासांची कामं अंगावर घ्या, बाजार, बँक, लहान भावंडाला सांभाळणं, काहीही. तेवढा वेळ त्यांना त्या मुलाजवळ बसू द्या.